झटकेबाईंचं घमेलं

झटकेबाईंचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखरूप होतं. बाकी सगळीकडे, म्हणजे केसपेपरच्या खिडकीवर, पहिल्या मजल्याच्या रांगेत आणि खुद्द त्यांच्या घरी, त्या झटकेबाईच होत्या. "नसांची तपासणी कुठे होते?" असं कुणी विचारलं, की शिपाई म्हणे, "डावीकडे वळा, झटकेबाईंची खोली." विचारणाऱ्याचा चेहरा पडे. मग शिपाई धीर द्यायचा, "घाबरू नका, आधी त्या हातपाय शेकून देतात."

हे मात्र खरं होतं. खोलीत एक पलंग, एक स्टूल, ट्रॉलीवरचं यंत्र आणि पलंगाखाली निळ्या काठाचं, एके ठिकाणी टवका उडालेलं तामचिनीचं घमेलं. आलेल्या माणसाने पहिली दहा मिनिटं त्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, हा नियम. एकदा एक बडे साहेब चिडून म्हणाले, "मी घरून हात धुऊन आलोय." झटकेबाई म्हणाल्या, "छान केलंत. आता शेकून घ्या." साहेबांनी शेकून घेतले. त्या खोलीत हुद्दा चालत नसे, हाताचं तापमान चालायचं.

काम तसं सांगायला सोपं. मनगटाशी नसेला विजेचा बारीकसा झटका द्यायचा आणि अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेल्या तारेने तो निरोप पोचला का, कधी पोचला, केवढा पोचला, हे पडद्यावर टिपायचं. एकतीस वर्षं झटकेबाई हेच करत होत्या, आणि एकतीस वर्षांत त्यांचा एकही रिपोर्ट चुकीचा म्हणून परत आला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतः कुणाला सांगत नसत. फक्त ती सगळ्यांना माहीत असेल, एवढी काळजी घेत.

नवी तार आली, नवी पट्टी आली, नवं यंत्र आलं, की पहिला हात घरचा. त्यांचे यजमान शिंपी. दुकान बंद करून पाच वर्षं झाली होती, तरी सारं जग त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांच्या उजव्या हाताचे एकतीस वर्षांचे आलेख झटकेबाईंनी एका फायलीत लावून ठेवले होते. लग्नाचे फोटो मात्र चारच, आणि त्यातल्या दोनांत मास्तरांचे डोळे मिटलेले. दुसऱ्या बायकांना नवऱ्याचं ब्लडप्रेशर पाठ असतं. यांना पाठ होतं की मास्तरांच्या मनगटावरून निघालेला निरोप अंगठ्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात तीन पॉइंट चारला पोचतो. "बाकी कुठल्याही कामाला हे एवढ्या झटपट हलत नाहीत," असं त्या वर म्हणत.

त्यांना हे काम शिकवलं ते मोठ्या डॉक्टरांनी. झटकेबाई तेव्हा खाली खिडकीवर केसपेपर लिहायच्या. अक्षर मोत्यासारखं आणि प्रश्न विचारायची खोड. दुसरी गोष्ट खिडकीवर अडचणीची होती म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्यांना वर नेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "नस स्नायूला कुठे चिकटलेली असते?" झटकेबाईंनी अंदाजाने दंडाकडे बोट दाखवलं. "कुठेच नाही," डॉक्टर म्हणाले. "चिकटलेलीच नसते. मध्ये फट असते."

ही फट झटकेबाईंच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. केसाच्या जाडीत अशा हजारभर फटी मावतील इतकी ती अरुंद, पण वीज ती ओलांडत नाही. नसेतून धावत आलेली वीज काठावर येऊन थांबते. पुढचा कारभार निराळ्याच खात्याकडे. तो रोग्याला समजावून सांगायची झटकेबाईंची स्वतःची पद्धत होती, आणि पुस्तकात ती मिळत नाही हे पुस्तकांचं दुर्दैव.

"हे बघा," त्या म्हणत, "दोन घरं आणि मध्ये गल्ली. अलीकडच्या घरात रसायनाच्या पुरचुंड्या बांधून तयार असतात. वरून निरोप आला, की त्या खिडकीतून गल्लीत उधळायच्या. पलीकडच्या घराच्या खिडक्यांतून शेकडो हात बाहेर काढलेले. त्यांनी ते झेललं, की स्नायू हलला. आणि गल्लीत एक झाडूवाला उभा. पडलेला केर तो लगेच झाडून टाकतो, म्हणजे पुढच्या निरोपाला गल्ली स्वच्छ."

"आणि झाडूवाला आला नाही तर?" कुणीतरी हमखास विचारी.

"तो तुमच्या आळीतला नाही. तो येतोच."

निरोगी माणसात पुरचुंड्याही गरजेपेक्षा जास्त उधळल्या जातात आणि हातही गरजेपेक्षा जास्त असतात. निसर्गाने बाकी सगळीकडे चिकटपणा केला असला तरी इथे हात सैल सोडलाय. म्हणून एकापाठोपाठ दहा निरोप धाडले तरी दहाही पोचतात, जरी दर खेपेला पुरचुंड्या थोड्या कमी पडत गेल्या तरी. पण एका आजारात शरीराचे स्वतःचेच शिपाई पलीकडचे हात शत्रूचे समजून तोडून टाकतात. मग पहिला निरोप पोचतो, दुसरा कसाबसा, चौथा वाटेतच गळतो. माणूस सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी पापणी उचलायला महाग. हे पकडायचं तर सेकंदाला तीन या गतीने दहा झटके द्यायचे आणि पडद्यावरच्या दहा उंच्या बघायच्या. सगळ्या सारख्या, तर गल्ली ठीक. जिना उतरत गेला, तर आजार.

आणि हात गरम हवा. का, ते पुढे येईलच.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले, नवे डॉक्टर आले. वयाने तरुण, स्वभावाने सज्जन, झटकेबाईंना "मॅडम" म्हणणारे. त्यांच्या पाठोपाठ नवं यंत्र आलं आणि यंत्राला उकडू नये म्हणून खोलीत एसी आला, अठरावर ठेवलेला. माणसांसाठी त्या खोलीत इतक्या वर्षांत पंखासुद्धा नीट फिरला नव्हता. भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेली सूचना लागली: यंत्राच्या खोलीत पाणी, चहा, खाद्यपदार्थ व सर्व प्रकारचे द्रव यांना सक्त मनाई. "सर्व प्रकारचे द्रव" या तीन शब्दांत घमेलं गेलं. ते जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या स्ट्रेचरच्या शेजारी जाऊन बसलं.

"मॅडम, आता हात शेकायचा व्याप नको," यंत्र बसवायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला. "हे मशीन हाताचं टेम्परेचर स्वतः बघतं आणि आकडा स्वतः दुरुस्त करतं."

झटकेबाईंनी ऐकून घेतलं. एरवी ऐकून घेतल्यावर त्या तीन प्रश्न विचारत. पण एकतीस वर्षं कॉरिडॉरच्या टोकाच्या गिझरपासून भरलं घमेलं आणून त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते, आणि गुडघ्यांनी त्या दिवशी त्यांना गप्प बसवलं. करतंय तर करू दे बापडं, असं त्यांना वाटलं. एकदाच वाटलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, सलूनवाला आला. अडतिशीचा, नीटनेटका. सोबत थोरला भाऊ. दुकान दोघांचं, पण दुकानात चालायचं ते थोरल्याचंच, आणि त्याला सगळे दादा म्हणत.

"काय होतंय?" झटकेबाईंनी तारा चिकटवता चिकटवता विचारलं.

"सकाळी काही नाही. चार वाजले की डावी पापणी खाली येते. हात वर धरवत नाहीत. चार वाक्यं बोललो की जीभ जड होते. आणि बाई, माझं काम हात वर धरायचंच." तो थांबला. "गिऱ्हाईक आधी माझ्या तोंडाचा वास घेतं, मग खुर्चीत बसतं."

"येतो का वास?"

"साबणाचा."

"घेत नाही असं म्हणतो," दादा मध्ये पडला. "पण दिसतो घेतल्यासारखा. आम्ही लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवतो, बाई. एक दिवस काही झालं तर? दुपारनंतर वस्तरा काढून घेतलाय मी त्याच्याकडून."

सलूनवाल्याने मान वर केली नाही. "काय असेल ते एकदा कागदावर लिहून द्या," तो म्हणाला. "बायको माझं ऐकते. दादा कागदाचं ऐकेल."

झटकेबाईंनी दहा झटके दिले. दहा उंच्या आल्या, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या, एकीने दुसरीच्या वर डोकं काढलेलं नाही. एक मिनिट मूठ आवळून धरायला लावून पुन्हा दहा दिले. पुन्हा तेच. त्यांनी रिपोर्ट लिहिला, दोष आढळला नाही, आणि खाली सही केली. नव्या डॉक्टरांनी तो बघून केसपेपरवर "मानसिक ताण, विश्रांती" असं लिहिलं. दादाने कागदाची घडी जिंकलेल्या दाव्याच्या निकालासारखी खिशात घातली.

दारातून सलूनवाला मागे वळला. "म्हणजे मला काहीच झालं नाही?"

"काही नाही," झटकेबाई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकून लोक एरवी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. हा कठड्याला धरून, एकेक पायरी बघत उतरला.

मास्तर त्या वेळी मेव्हण्याकडे गेले होते, म्हणून नव्या यंत्राला घरचा हात लागला तो पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. सकाळी रांग मोठी होती. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत पाऊण तास बसून राहिले. मग त्यांची पाळी आली. झटका, आलेख. झटकेबाईंनी सवयीने पडद्यावरचा कच्चा आकडा बघितला.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"चार पॉइंट तीन."

"म्हणजे मी म्हातारा झालो."

"मागच्या खेपेपासून दोन महिन्यांत?"

"निरोगी माणूस असाच एकाएकी जातो."

"गप्प बसा हो." त्यांनी तारा बदलल्या. चार पॉइंट तीन. पट्ट्या बदलल्या. चार पॉइंट तीन. शेवटी त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. हा हात त्यांनी हजारदा धरला असेल, बहुतेक वेळा तारा लावायला. या खेपेला त्या दचकल्या.

"अहो, केवढा गार पडलाय हा!"

"या फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवलंयस मला. मटार असतो तर वर्षभर टिकलो असतो."

झटकेबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरचा शेजारचा रकाना बघितला. "दुरुस्त आकडा: तीन पॉइंट पाच." म्हणजे यंत्राला सगळं ठाऊक होतं. हात गार आहे हे त्याने ओळखलं होतं, गुपचूप आकडा सारखा केला होता, आणि कुणाला अवाक्षर बोललं नव्हतं. अगदी चांगल्या कारकुनासारखं. निरोप किती वेळात पोचतो त्याला गणित असतं, म्हणून ते जमलं. पण दहा निरोपांतले किती फटीतून पार होतात, त्याला कसलं आलंय गणित? त्या तपासणीपुढे "दुरुस्त" हा रकानाच नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या. मोठे डॉक्टर पहिल्या महिन्यात म्हणाले होते, "बाई, गार हात खोटं बोलतो, आणि गोड बोलतो." गारठ्यात गल्लीतला झाडूवाला आळसावतो. केर झाडायला त्याला वेळ लागतो, रसायन जास्त वेळ गल्लीत रेंगाळतं, आणि पलीकडे जे थोडे हात उरलेत त्यांना ते झेलायला पुन्हा पुन्हा संधी मिळते. अलीकडच्या पुरचुंड्याही थंडीत बेताने खर्च होतात, संपत नाहीत. गार हातात आजारी गल्लीसुद्धा निरोगी दिसते. आणि मंगळवारी सकाळी, रात्रभर विसावलेला एक हात, अठरावरच्या एसीत, कोमट पाण्याविना.

"मी एका माणसाला खोटं पाडलं, अहो."

"तू कुठे? मशीनने पाडलं."

"सही मशीनची नाही."

मापात चूक झाली तर कापडाला दोष देत नाहीत, हे मास्तरांना चांगलं माहीत होतं.

डॉक्टरांच्या केबिनचं दार झटकेबाईंनी वाजवलं तेव्हा हातात त्या रिपोर्टची स्थळप्रत होती. "हा रिपोर्ट चुकीचा आहे," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "माझा आहे. हात गार होता."

"पण मॅडम, यंत्र तापमान धरतं ना?"

"वेळेचं धरतं. फटीचं धरत नाही."

डॉक्टरांनी यंत्राची दोनशे पानी पुस्तिका काढली. त्यांनी ती पहिल्यांदाच उघडली असावी, कारण पानं एकमेकांना चिकटली होती. एका तळटिपेत, मुंगीने लिहावं तशा अक्षरात, ते सापडलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. मोठेपणा त्यांच्यात होता, फक्त अजून वापरात आला नव्हता. "पत्र पाठवून बोलावू. पुढच्या महिन्यात तारीख..."

पत्रावर झटकेबाईंचा विश्वास नव्हता. त्यांनी केसपेपरवरचा नंबर फिरवला. दादाने उचलला.

"तपासणी झाली की, बाई. काही नाही म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. एक तारखेपासून त्याची खुर्ची दुसऱ्या कारागिराला देतोय. त्याला म्हटलं, टॉवेल धू, झाडलोट कर, घर सोडून जा म्हणत नाही मी."

"ते लिहिलं ते चुकलं. माझं चुकलं. त्याला परत पाठवा."

"आधी काही नाही म्हणता, आता चुकलं म्हणता. बाई, तुम्हीपण घेता की काय?" आणि फोन ठेवला.

एक तारखेला पाच दिवस होते. शनिवारी दुपारी झटकेबाई मास्तरांना म्हणाल्या, "चला, दाढी करायला."

"सकाळीच केली मी."

"परत करा."

सलूनमध्ये तीन खुर्च्या, समोर आरसे, मागे आरसे, त्यामुळे एक माणूस आत आला तरी गर्दी झाल्यासारखी वाटे. एका खुर्चीत गालभर फेस लावलेलं गिऱ्हाईक दादाच्या हाताखाली होतं, दोघं बाकावर होते. सलूनवाला कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होता. चार वाजून गेले होते. डावी पापणी अर्ध्यावर आली होती, दुकान बंद करताना शटर मध्येच अडकावं तशी.

मास्तर रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. "यांच्याकडून करायचीय."

"काका, दुपारनंतर तो वस्तरा धरत नाही," दादा म्हणाला, आणि आरशात त्याला झटकेबाई दिसल्या. "अच्छा. तुम्ही."

"मीच. भांडायला नाही आले. शेजारच्या सरबतवाल्याकडून मला मूठभर बर्फ आणून द्या, मग हवं तर हाकला."

"बर्फ कशाला?"

"हा घेतो म्हणता ना? उतरवू."

बाकावर खसखस पिकली. त्यातलाच एक जण उठून बर्फ घेऊन आला. फुकटचा खेळ कोण सोडतो? झटकेबाईंनी बर्फ धुतल्या टॉवेलात गुंडाळला आणि सलूनवाल्याच्या मिटल्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "धर असाच. दोन मिनिटं. घड्याळ मी बघते." मंगळवारच्या "तुम्ही"चा "तू" कधी झाला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"बर्फ डोक्यावर ठेवतात हो, डोळ्यावर काय?" फेसवाला खुर्चीतूनच म्हणाला.

"दादा," झटकेबाईंनी विचारलं, "चढलेली दोन मिनिटांत उतरते का?"

"मला काय माहीत!"

"तुला नाही माहीत, तर कुणाला माहीत?" बाकावरून आवाज आला, आणि दादाच्या कानशिलांचा रंग बदलला.

दोन मिनिटं झाली. झटकेबाईंनी टॉवेल काढला. "उघड."

डोळा उघडला. अख्खा. पापणी उजवीच्या बरोबरीने वर गेली होती, आणि समोरच्या आरशात, मागच्या आरशात, आरशातल्या आरशात, सगळीकडे सलूनवाल्याचे दोन सारखे डोळे. दादा वस्तरा खाली ठेवून जवळ आला. आधी सवयीने त्याने भावाच्या तोंडाचा वास घेतला. मग पापणीकडे बघत राहिला.

"हे काय झालं?"

झटकेबाईंनी दोन घरं सांगितली, गल्ली सांगितली, झाडूवाला सांगितला. फेसवाल्याच्या गालावरचा फेस वाळला, तरी तो हलला नाही. "गारव्याने झाडूवाला मंदावला, म्हणून उरल्यासुरल्या हातांना झेलायला वेळ मिळाला. बर्फाने हा बरा नाही झाला. बघा आता." आणि बोलता बोलता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पापणी हळूहळू परत उतरायला लागली.

"याच गारव्याने मला फसवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीत याचा हात गार होता. तो मी शेकायला हवा होता, शेकला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्या कागदावर जे आहे ते याचं खोटं नाही, माझी चूक आहे."

एवढी वर्षं राखलेली गोष्ट त्यांनी अशी मोडली, ती दोन गिऱ्हाइकांसमोर आणि एका अर्ध्या दाढीसमोर. मास्तरांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि पाठ थोडी ताठ केली, जशी फोटोच्या वेळी करायला हवी होती.

"सोमवारी दुपारी तीनला ये," त्या सलूनवाल्याला म्हणाल्या. "सकाळपासून काम करून ये, हात दमवून. शेकायचं कसं ते बघते. पाण्याला बंदी घातलीय आमच्याकडे."

दादाने खुंटीवरचा केस वाळवायचा ड्रायर काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि भावाच्या हातात दिला. "पाण्याला बंदी आहे," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "वाऱ्याला नसेल."

सोमवारी झटकेबाईंनी एसी बंद केला. भिंतीवरची सूचना त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. ड्रायर हा कोणत्याच प्रकारचा द्रव नव्हता. दहा मिनिटं गरम वारा घातला, हात चौतिसावर आणला, तारा लावल्या. नवे डॉक्टर मागे उभे होते, दादा दारात. झटके सुरू झाले.

पहिली उंची ताठ. दुसरी बसकी. तिसरी आणखी. चौथी पहिलीच्या पाऊण उंचीलाही पोचली नाही. जिना होता, लख्ख, आंधळ्यालाही उतरता यावा असा.

"अठ्ठावीस टक्के उतार," डॉक्टर हळूच म्हणाले.

"म्हणजे?" सलूनवाल्याने विचारलं.

"म्हणजे आजार आहे," झटकेबाई म्हणाल्या. "तुझ्या मनात नाही. तुझ्या गल्लीत आहे."

"कागदावर येईल?"

"सहीसकट."

तो हसला. गालही आता दमले होते, त्यामुळे हसू एका बाजूने आलं, पण आलं. दादा दारातून पुढे आला आणि भावाच्या हातावरच्या पट्ट्या काढू लागला. ते त्याचं काम नव्हतं, त्याला जमतही नव्हतं. झटकेबाई एरवी कुणाला तारांना हात लावू देत नसत. त्यांनी लावू दिला.

पुढचं काम डॉक्टरांचं. रक्ताची तपासणी, छातीचं स्कॅन, बेभान शिपायांना आवरायचं औषध, आणि दिवसातून चारदा घ्यायची एक गोळी. "ही गोळी काय करते?" सलूनवाल्याने जाताना झटकेबाईंना विचारलं, डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं असूनही.

"झाडूवाल्याला जरा बसवून ठेवते."

"बर्फासारखं?"

"बर्फासारखंच. पण बर्फ काही चारदा खिशात घालून हिंडता येत नाही."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तो जुना रिपोर्ट फायलीतून काढून टाकू. आता कशाला हवाय?"

"असू दे," झटकेबाई म्हणाल्या. त्यांनी तो कागद समोर घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात आडवं लिहिलं: रद्द. तपासणीच्या वेळी हात गार होता. चूक माझी. खाली सही, तारीख.

"एवढं लिहायची गरज नव्हती."

"तुम्हाला नाही. मला आहे."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या छापील फॉर्मवर सगळ्यात वर एक नवा रकाना आला, "हाताचे तापमान", आणि तो भरल्याशिवाय खाली सही करायची नाही असा डॉक्टरांच्या हातचा हुकूम. भिंतीवरच्या मढवलेल्या सूचनेतही दुरुस्ती झाली. "सर्व प्रकारचे द्रव यांना सक्त मनाई" याच्यापुढे कुणीतरी मार्करने कंस करून लिहिलं होतं: (घमेलं सोडून). अक्षर डॉक्टरी होतं, म्हणजे वाचता येत नव्हतं. पण शिपायाने बरोबर वाचलं आणि अडगळीतून घमेलं आणून, घासूनपुसून, पलंगाखाली सरकवलं. गिझरपासून ते भरून आणायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. झटकेबाईंच्या गुडघ्यांनी हरकत घेतली नाही.

एक तारखेला ती खुर्ची कुणालाच दिली गेली नाही. दोनेक महिने सलूनवाला दुपारपर्यंतच काम करी. मग डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिली, आणि दादाने चार वाजता, भरल्या दुकानात, वस्तरा त्याच्या हातावर ठेवला. पण पहिलं गिऱ्हाईक व्हायला बाकावरचा कुणी उठेना. गल्लीची गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती. गळा मात्र ज्याचा त्याचा.

"मी आहे," मास्तर म्हणाले. त्या दिवशी सकाळी त्यांनी मुद्दाम दाढी केली नव्हती.

त्यांनी मान मागे टाकली. फेस लागला. वस्तरा कानाखालून निघाला आणि सावकाश, एका ओढीत, हनुवटीपर्यंत आला. झटकेबाई बाकावर बसून आरशात बघत होत्या. मनातल्या मनात त्या मोजत होत्या, एक, दोन, तीन, चार, जसे झटके मोजत तसे. दहा झाले. पुन्हा दहा झाले. सलूनवाल्याचा हात वर होता तो वरच होता.

"बाई," तो वस्तरा न थांबवता म्हणाला, "इतकं काय टक लावून बघताय? यांच्या गळ्याकडे की माझ्या डोळ्याकडे?"

"डोळ्याकडे," झटकेबाई म्हणाल्या. "गळ्याची काळजी नाही मला."

मास्तरांना यावर बरंच काही बोलायचं होतं. पण वस्तरा ओठाखाली आला होता, आणि सलूनवाला म्हणत होता, "काका, हलू नका."